कायद्याची तारीख कोणाच्या हातात?

विधेयक संमत होणे, त्याला राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची अनुमती मिळणे आणि कायदा प्रत्यक्ष अंमलात येणे या तीन वेगळ्या घटना आहेत. त्या एकाच दिवशी घडू शकतात, त्यांच्यामध्ये वर्षे जाऊ शकतात आणि तिसरी कधी घडलीच नाही असेही होते. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेले शक्ती विधेयक दुसऱ्याच पायरीवर अडकले. राष्ट्रपतींची अनुमती काही मिळाली नाही. तरी भाषणांत आणि बातम्यांत ते ‘शक्ती कायदा’ म्हणूनच वावरत राहिले.

तिसऱ्या पायरीकडे तर कोणाचे फारसे लक्षच नसते. सभागृहाने ठरवायचे ते ठरवले, आता तारीख टाकण्याचे कारकुनी काम तेवढे मंत्रालयाने करायचे, असा समज वकिलांपासून वार्ताहरांपर्यंत सर्वत्र आढळतो. या समजाचे एक प्रतिष्ठित रूपही आहे. तारीख सरकारवर सोपवणे ही व्यवहाराची रीत आहे; प्रशासनाची तयारी झाल्याशिवाय कायदा लागू करणे म्हणजे गोंधळ ओढवून घेणे; आणि सरकारने हात आखडता घेतला तर तोही जनमताचा मानच, असे त्यात म्हटले जाते. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसऱ्याला महाराष्ट्राच्याच इतिहासात उत्तर आहे आणि तिसरे दिसते तितके निरुपद्रवी नाही. तिन्हींची पारख करायला नाशिक जिल्ह्यातला एक प्रसंग पुरेसा आहे.

मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे इंधन डेपो आहेत. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागातले पंप तिथून भरलेल्या टँकरवर चालतात. १ जानेवारी २०२४ रोजी देशभरच्या ‘स्टेअरिंग छोडो’ आंदोलनात इथल्या चालकांनीही टँकर उभे केले आणि नाशिक शहरात पंपांपुढे रांगा लागल्या. कारण होते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६चे दुसरे पोटकलम. बेदरकार, हयगयीच्या वाहन चालवण्याने कोणाचा मृत्यू झाला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला लगेच न कळवता निघून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड, असे ते पोटकलम सांगते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. लोकसभेने संहिता २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी संमत केली, तेही विरोधी बाकांवरचे शंभराहून अधिक खासदार निलंबित असताना. २५ डिसेंबरला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. आठवड्याच्या आत चक्का जाम.

२ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या अखिल भारतीय संघटनेशी चर्चा करून जाहीर केले की, ही तरतूद अजून लागू झालेली नाही आणि लागू करण्याआधी संघटनेशी विचारविनिमय केला जाईल. पानेवाडीतही जिल्हा प्रशासन आणि पोलिसांच्या मध्यस्थीनंतर टँकर सुटू लागले.

यावर शहाण्यासुरत्या मंडळींचा शेरा ठरलेला होता: कायदा लागूच नव्हता, मग संप कशाविरुद्ध? सात लाख रुपये दंडाची जी अफवा चालकांमध्ये फिरत होती ती खोटी होती, हे खरे; पोटकलमात दंडाची रक्कम लिहिलेलीच नाही. घटनास्थळी थांबून जमावाचा मार खाण्याची सक्तीही त्यात नव्हती, कळवण्याची होती. त्या दिवशी पोटकलमाखाली एकाही चालकावर गुन्हा नोंदवता आला नसता, हेही खरे. संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो की, कृत्य घडले त्या वेळी अंमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच शिक्षा देता येते, आणि त्या वेळच्या कायद्यातल्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. विंध्य प्रदेशातून आलेल्या शिवबहादुर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली याचा अर्थ पक्का केला: प्रत्यक्षात अंमलात असलेला कायदा, मागाहून मागची तारीख घालून ‘अंमलात होता’ असे मानलेला नव्हे.

एवढे मान्य करूनही शेरा चुकतोच. चालकांची माहिती चुकली होती, वेळ चुकली नव्हती. अनुमती मिळाल्यानंतर संहितेच्या मजकुरात संसदेला करण्यासारखे काही उरले नव्हते. पहिल्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात लिहिले होते की, केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमील त्या तारखेला संहिता अंमलात येईल आणि निरनिराळ्या तरतुदींसाठी निरनिराळ्या तारखा नेमता येतील. म्हणजे कोणत्याही सकाळी एका ओळीची अधिसूचना निघाली की काम झाले असते; ना विधेयक, ना चर्चा, ना मतदान. लागू होईपर्यंत थांबा आणि मग विरोध करा, असे चालकांना सांगणे म्हणजे दार बंद झाल्यावर या असे सांगणे होते. दुरुस्ती विधेयक आणायला लावण्यापेक्षा तारीख रोखून धरायला लावणे सोपे असते हे संघटनांना नेमके कळले होते.

आणि तारीख रोखली गेलीच. २३ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने संहितेसाठी १ जुलै २०२४ ही तारीख नेमली, ती कलम १०६(२) वगळून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीतली त्या पोटकलमाची नोंदही वगळली गेली. तेव्हापासून ‘ते कलम सरकारने मागे घेतले’ असे सर्रास बोलले जाते. ते मागे घेतलेले नाही. मागे घ्यायचे तर संसदेत जावे लागते. पोटकलम छापील संहितेत आहे तसेच उभे राहिले. फक्त त्याला तारीख दिली गेली नाही. पळून गेलेल्या चालकाला मग १०६(१)ची पाच वर्षांपर्यंतची कैद आणि मोटार वाहन कायद्याच्या १३४ व १८७ कलमांतली कितीतरी सौम्य शिक्षा एवढेच लागू राहिले.

आता पहिले विधान, तारीख सरकारवर सोपवण्याच्या रीतीचे. कायद्यात तारखेबद्दल काहीच लिहिलेले नसेल तर काय होते, याचे नियम जुने आहेत. केंद्रीय कायद्यांसाठी १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे कलम ५ सांगते की, असा कायदा अनुमतीच्या दिवशीच अंमलात येतो, आणि तोही आदल्या दिवसाची मध्यरात्र संपताक्षणी. महाराष्ट्राच्या कायद्यांना मुंबईचा १९०४चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट लागतो. तिथे अनुमतीचा दिवस धरला जात नाही. ती अनुमती राजपत्रात पहिल्यांदा प्रसिद्ध होते तो दिवस धरला जातो. हा फरक लहान दिसतो, पण राज्याचा नियम नागरिकाच्या बाजूचा आहे: राजभवनातली सही लोकांना दिसत नाही, राजपत्र निदान दिसू शकते. इंग्लंडमध्ये १७९३पर्यंत याहून अजब प्रकार होता. कायद्यात तारीख नसेल तर तो संसदेच्या त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून अंमलात होता असे मानत, मग तो संमत शेवटच्या दिवशी का झालेला असेना.

प्रसिद्धी हा यातला गाभ्याचा मुद्दा आहे. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून केलेला अफू कायदा कधी प्रसिद्धच झाला नव्हता. त्याखाली हरला नावाच्या इसमाला पन्नास रुपये दंड झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये न्या. विवियन बोस यांच्या निकालाने ती शिक्षा रद्द केली. ज्याची कोणाला खबरच नाही असा कायदा बंधनकारक मानणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, हा त्याचा आशय. पण प्रसिद्धी झाली की ती प्रत्येकापर्यंत पोहोचली पाहिजे, असे मात्र नाही. झुरिकहून मनिलाला निघालेला मायर हान्स जॉर्ज २८ नोव्हेंबर १९६२ रोजी सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोन्यासह पकडला गेला. सोन्याविषयीची रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना चारच दिवस आधी, २४ नोव्हेंबरला, भारताच्या राजपत्रात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने पुन्हा दोषी ठरवले: राजपत्रातली प्रसिद्धी पुरेशी, परदेशातल्या प्रवाशाला ती माहीत होती की नाही हा प्रश्न गैरलागू. न्या. सुब्बाराव यांनी भिन्नमत नोंदवले. नागरिकाला चार दिवसांत सगळे कळले असे मानणारी ही व्यवस्था सरकारला मात्र तारीख ठरवायला अमर्याद वेळ देते, हा विरोधाभास त्या निकालात नसला तरी त्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

आता तयारीच्या युक्तिवादाकडे. त्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, २०१६ मध्ये झाला. त्यातली प्राधिकरण स्थापन करण्याची, नियम करण्याची कलमे १ मे २०१६ पासून लागू झाली आणि प्रकल्पनोंदणी, विकासकाची कर्तव्ये, दंड ही कलमे १ मे २०१७ पासून. प्राधिकरणच नसताना नोंदणीची सक्ती केली असती तर नोंदणी करायची कोणाकडे? नाशिकच्या गंगापूर रोडवर किंवा पाथर्डी फाट्यावर इमारत उभी करणाऱ्याला या एका वर्षात काय करायचे ते समजले, चालू प्रकल्पांना नोंदणीसाठी आणखी तीन महिने मिळाले. टप्प्याटप्प्याने अंमल यासाठीच असतो. नव्या फौजदारी कायद्यांसाठी पोलीस ठाणी, न्यायालये, संगणकप्रणाली तयार करायला मिळालेले सहा महिनेही असेच समर्थनीय.

पण हा युक्तिवाद मुदतीसाठी आहे, बेमुदतीसाठी नाही. ‘तयारीला वेळ हवा’ यातून ‘तयारीला एक वर्ष हवे’ असा निष्कर्ष निघतो. ‘तारीख कधीही नेमा किंवा नेमूही नका’ असा निघत नाही. आणि मोठ्या बदलाची तारीख आधीच कायद्यात लिहून ठेवली तर प्रशासन कोलमडते, असे तर महाराष्ट्रात कोणी म्हणू नये.

१९५६च्या दुरुस्तीने मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ३२ मध्ये एक तारीख थेट लिहिली गेली: १ एप्रिल १९५७, कृषक दिन. दुरुस्ती १ ऑगस्ट १९५६ रोजी लागू झाली. मध्ये आठ महिने. त्या दिवशी अटी पूर्ण करणारे प्रत्येक कूळ आपण कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. नाशिक जिल्हा या कायद्याच्या कक्षेत होता. किमती ठरवायच्या होत्या, नोंदी तपासायच्या होत्या, जमीनमालक न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला तो नोव्हेंबर १९५८ मध्ये, म्हणजे तारीख उलटून दीड वर्ष झाल्यावर. ३२-ग खाली किंमत ठरवणे आणि ३२-म खाली प्रमाणपत्र देणे पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांच्या जमिनींसाठी तारीख पुढे जाण्याची सोय होती, पण ती कायद्यातच लिहिलेली, कोणा सचिवाच्या मर्जीवर नव्हे. हक्क तारखेने दिला, कागद मागाहून आले. तारीख महसूल खात्याची तयारी होईपर्यंत मोकळी ठेवली असती तर कुळांचे काय झाले असते, याची कल्पना त्या काळात जमिनी काढून घेण्यासाठी झालेल्या खटपटींवरून करता येते.

तारीख मोकळी असण्याची किंमत जमिनीच्याच दुसऱ्या कायद्याने दाखवली. कमाल शेतजमीन धारणेचा कायदा २६ जानेवारी १९६२ रोजी लागू झाला. मर्यादा आणखी खाली आणणाऱ्या दुरुस्तीच्या नावात १९७२ हे साल आहे; ती अंमलात आली २ ऑक्टोबर १९७५ रोजी. मधल्या काळात ज्यांची जमीन जाणार होती त्यांना सगळे दिसत होते, आणि वाटण्या, बक्षीसपत्रे, खरेदीखते करायला वेळ होता. विधिमंडळ एवढे भाबडे नव्हते. २६ सप्टेंबर १९७० नंतरची हस्तांतरणे कायदा टाळण्यासाठीच केली असे धरण्याची तरतूद दुरुस्तीत घातली गेली. मूळ कायद्यातही ४ ऑगस्ट १९५९ ही तशीच मागची रेघ होती. मागच्या तारखेची ही कुंपणे घालावी लागली, कारण संमत होणे आणि लागू होणे यांतले अंतर ज्यांच्याकडे वकील आणि पैसा आहे ते वापरतात. फौजदारी कायद्यात अशी मागची रेघ ओढताच येत नाही. म्हणून तिथे पुढची तारीख ठरलेली असणे अधिकच गरजेचे.

बेमुदतीचे सर्वांत गंभीर उदाहरण साध्या कायद्याचेही नाही, संविधानाचे आहे. आणीबाणीनंतरच्या ४४व्या दुरुस्तीला ३० एप्रिल १९७९ रोजी अनुमती मिळाली. तिचे कलम ३ प्रतिबंधक स्थानबद्धतेविषयीचा अनुच्छेद २२ बदलणारे होते: सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्धतेची कमाल मुदत तीन महिन्यांऐवजी दोन, आणि मंडळाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने. बाकीची कलमे त्याच वर्षी लागू झाली. कलम ३ला तारीख मिळाली नाही. धनबादचे खासदार ए. के. रॉय स्थानबद्ध झाले तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. डिसेंबर १९८१च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी बहुमताच्या वतीने नाराजी नोंदवली, पण सरकारला तारीख नेमण्याचा आदेश देता येणार नाही असे ठरवले; संसदेने अधिकार सरकारला दिला आहे, जाब विचारायचा तर संसदेने विचारावा. न्या. ए. सी. गुप्ता आणि न्या. तुळजापूरकर यांचे या मुद्द्यावर मत वेगळे होते: कधी लागू करायचे हे ठरवण्याच्या अधिकारात लागू न करण्याचा अधिकार येत नाही.

अल्पमत बरोबर होते. बहुमताचा आधार हा की, ही सशर्त कायदेनिर्मिती आहे. कायदा सभागृहाने पूर्ण केला, फक्त अट पूर्ण झाली की नाही ते सरकार पाहते. प्रिव्ही कौन्सिलने गारो टेकड्यांच्या बुराह प्रकरणात १८७८ मध्ये ही कल्पना मांडली. पण अट अनंतकाळ अपूर्ण ठेवण्याची मुभा असेल तर ती अट उरत नाही. तो नकाराधिकार होतो, आणि संविधान दुरुस्तीबाबत असा नकाराधिकार संविधानाने राष्ट्रपतींनाही दिलेला नाही. अशा दुरुस्तीला त्यांनी अनुमती दिलीच पाहिजे, हे १९७१ पासून अनुच्छेद ३६८ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. राष्ट्रपती अडवू शकत नाहीत ते मंत्रालय अडवू शकते, हा बहुमताच्या निकालाचा अटळ परिणाम. जाब संसदेने विचारावा हे सांगणेही कागदावरच बरे. सरकारकडे सभागृहात बहुमत असते म्हणूनच ते सरकार असते. महाराष्ट्राच्या एमपीडीए या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली नाशिक पोलीस आयुक्तालय एखाद्याला वर्षभरासाठी स्थानबद्ध करते तेव्हा त्या आदेशाची छाननी करणारे सल्लागार मंडळ राज्य सरकार नेमते ते याच न लागू झालेल्या कलमामुळे.

हे अपवादात्मक म्हणावे तर यादी लांब आहे. दिल्लीचा १९९५चा भाडे नियंत्रण कायदा अनुमती मिळूनही लागू झाला नाही, आणि न्यायालयानेही रॉय प्रकरणाच्या आधारे हात वर केले. हायर-पर्चेस कायदा १९७२ मध्ये झाला आणि एक दिवसही न वापरता २००५ मध्ये रद्द झाला. वकिली कायद्याचे कलम ३०, म्हणजे वकिलाचा देशभर कुठेही काम चालवण्याचा हक्क, १९६१ मध्ये संमत होऊन १५ जून २०११ रोजी लागू झाले, पन्नास वर्षे.

नाशिक जिल्ह्यातल्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींना हाच अनुभव अलीकडे आला. वेतन संहितेला ८ ऑगस्ट २०१९ रोजी आणि उरलेल्या तीन श्रम संहितांना २८ सप्टेंबर २०२० रोजी अनुमती मिळाली. चारही लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. कामगार संघटनांचा संहितांना विरोध होता, म्हणून ही पाच वर्षे त्यांना दिलासाच वाटली असतील. पण कामगार कपातीच्या परवानगीची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर नेणाऱ्या तरतुदीबरोबरच ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देणारी तरतूदही तितकीच वर्षे अडकून राहिली. सामाजिक सुरक्षा संहितेतले आधार क्रमांकाविषयीचे कलम १४२ मात्र मे २०२१ मध्येच एकटे पुढे काढून लागू केले गेले. ‘निरनिराळ्या तरतुदींसाठी निरनिराळ्या तारखा’ या शब्दांचा व्यवहारात अर्थ हा असा: माहिती गोळा करण्याचे कलम आधी, देणे लागणारे कलम नंतर.

कायदा लागू होऊनही लागू न होण्याची आणखी एक तऱ्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीतली वाढीव दंडाची कलमे १ सप्टेंबर २०१९ पासून देशभर अंमलात आली. महाराष्ट्राने विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ती ‘थांबवली’ असे जाहीर झाले. कायदा थांबवणे राज्याच्या हाती नव्हतेच. जागेवरच भरायच्या तडजोड शुल्काचे नवे दर काढणे तेवढे राज्याच्या हाती होते, आणि ते डिसेंबर २०२१पर्यंत निघाले नाहीत. सव्वादोन वर्षे नाशिकच्या मुंबई नाक्यावर पावती जुन्या दराने फाटत होती आणि न्यायालयात गेलेल्या चालकाला मात्र नवे कलम लागत होते. तडजोड नाकारून दंडाधिकाऱ्यासमोर जाणाराच त्यात जास्त पैसे मोजायचा.

या दिरंगाईला प्रशासनाची मंद गती हे कारण दिले जाते. नाशिकच्या कांदा उत्पादकांना ते पटवून दाखवावे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी, शनिवारी, अर्थ मंत्रालयाने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले ते त्याच दिवसापासून. ७ डिसेंबर २०२३ची निर्यातबंदीची अधिसूचना ८ डिसेंबरला लागू होती. त्याच दिवशी जिल्ह्यात लिलाव बंद पडले आणि चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. पानेवाडीचे टँकर थांबले ते यानंतर चौथ्या आठवड्यात. निर्यातशुल्क पूर्ण काढण्याची अधिसूचना २२ मार्च २०२५ रोजी निघाली तेव्हा मात्र ती १ एप्रिलपासून लागू होणारी होती. सप्टेंबर २०२४ मधली शुल्ककपात तातडीने झाली होती हे न्याय म्हणून सांगितले पाहिजे; पण वेग हवा तेव्हा तो एका रात्रीत येतो, एवढे यातून निर्विवाद दिसते. पुलवामा हल्ल्यानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना १६ फेब्रुवारी २०१९ रोजी रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी संकेतस्थळावर चढली. सरकारने ती त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे अटारीला सकाळीच कागद दाखल केलेल्या मालालाही, लावू पाहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो सेकंद धरूनच ते नाकारले. मंत्रालयाच्या स्वतःच्या हुकमाला सेकंदाचा हिशोब लागतो आणि संसदेच्या कायद्याला वर्षांचाही लागत नाही, हा मंद गतीचा प्रश्न नव्हे.

उरतो जनमताच्या मानाचा युक्तिवाद, आणि तिन्हींत तोच सर्वांत बळकट आहे. चालक रस्त्यावर आले, सरकारने ऐकले, पोटकलम थांबले. लोकशाहीत यात वाईट काय? वाईट एवढेच की, कोणाचेच काही ठरले नाही. चालकांना कायदेशीर आश्वासन मिळाले नाही. पुढचे कोणतेही सरकार एका अधिसूचनेने पोटकलम जागे करू शकते, तेव्हा ‘चर्चा करू’ हे बोलणे कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तर कोणी विचारलेच नाही. पळून जाणाऱ्याला अधिक कडक शिक्षा हवी, असे संसदेने त्यांच्यासाठी ठरवले होते, आणि ते एका बैठकीत बाजूला पडले. दहा वर्षे जास्त होती का, ‘लगेच कळवणे’ म्हणजे किती वेळात, जमावाच्या भीतीने निघून गेलेल्याला सूट असावी का, हे प्रश्न खरे होते. त्यांची उत्तरे दुरुस्ती विधेयकात लिहिता आली असती, दोन्ही बाजूंचे खासदार त्यावर बोलले असते. तारीख रोखल्यामुळे पोटकलम बदललेही नाही आणि लागूही झाले नाही.

यावर तोडगा नवा शोधण्याची गरज नाही. कॅनडात २०१० पासून एक कायदा अंमलात आहे: अनुमतीनंतर नऊ वर्षे उलटूनही लागू न झालेल्या तरतुदींची यादी दरवर्षी संसदेपुढे येते आणि सभागृहाने ठराव करून राखल्या नाहीत किंवा वर्षअखेरपर्यंत लागू झाल्या नाहीत तर त्या आपोआप रद्द होतात. भारतात तो आला असता तर ४४व्या दुरुस्तीचे कलम ३ निदान दरवर्षी सभागृहाच्या पटलावर आले असते. पण अखेर रद्दच होण्याची भीती त्यात आहे, म्हणजे सरकार वाट पाहत बसले तरी त्याचेच फावते. ऑस्ट्रेलियाच्या संघीय कायद्यांत रूढ असलेली रीत अधिक चांगली. तिथेही तारीख सरकारने नेमायची असते, पण अनुमतीपासून बहुधा सहा महिन्यांत ती नेमली नाही तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तरतूद आपोआप अंमलात येते. तयारीला वेळ मिळतो, विसरायला मिळत नाही.

भारतीय न्याय संहितेच्या पहिल्या कलमात हे एक वाक्य असते तर १०६(२) हे पोटकलम जून २०२४ मध्येच आपोआप लागू झाले असते. ते रोखायचे असेल तर सरकारला दुरुस्ती विधेयक घेऊन लोकसभेत जावे लागले असते, आणि निवडणुकीआधीचे शेवटचे अधिवेशन ३१ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२४ असे चालले होते; पानेवाडीचे टँकर सुटल्यानंतर चार आठवड्यांनी सुरू झालेले.